‘जीवसृष्टी सापडली’ छापण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परग्रहावरच्या जीवसृष्टीची बातमी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून पहिल्या पानावर झळकते. बहुतेक वेळा ती वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरावरून रात्री घाईघाईत उतरवलेली असते, शेजारी निळ्याशार ग्रहाचे देखणे चित्र असते आणि मूळ मजकुरातले ‘कदाचित’ पान लागेपर्यंत गळून गेलेले असते. के२-१८बी या एकाच ग्रहावरून जगभर असा गाजावाजा दोनदा झाला, २०१९मध्ये आणि २०२५मध्ये. तिसऱ्यांदा होण्याआधी ही मोजमापे कशी घेतात आणि कुठे फसतात, हे वृत्तसंपादकांच्या टेबलापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, याची जाणीव आहे. छाटायचेच झाले तर मधून छाटा. शेवटून नको, मागणी शेवटी आहे.

के२-१८ हा सिंह राशीतला लाल बटू (सूर्याहून लहान आणि थंड) तारा, आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधुकात अंधुक ताऱ्याच्याही साधारण हजारपट मंद. त्याच्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी मारणारा ग्रह केप्लर दुर्बिणीच्या ‘के२’ मोहिमेत २०१५मध्ये सापडला. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठपट, त्रिज्या २.६पट. यावरून घनता निघते पाण्याच्या पावणेतीनपटीच्या आसपास (पृथ्वीची साडेपाचपट). म्हणजे हा निव्वळ खडकाचा गोळा नाही. वर हायड्रोजनचे किंवा पाण्याचे जाड आवरण आहे. नेमके काय, यावरच सगळा वाद. खाली समुद्र असलेल्या अशा ग्रहांसाठी ‘हायशियन’ हे नाव केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२१मध्ये सुचवले. खाली समुद्र नसून वितळलेला खडक असावा, किंवा पृष्ठभाग असा नसेलच, तळापर्यंत वायूच असेल, असे म्हणणारे गटही आहेत, आणि त्यांची गणितेही आजच्या निरीक्षणांत बसतात.

या ग्रहाचे छायाचित्र अस्तित्वात नाही. एका ठिपक्याचेसुद्धा नाही. आपल्याला दिसतो तो फक्त तारा, आणि ग्रह त्याच्यासमोरून सरकताना ताऱ्याच्या प्रकाशात पडणारी किंचित घट. याला अधिक्रमण म्हणतात. २००४ आणि २०१२ मध्ये शुक्राचे सूर्यावरून झालेले अधिक्रमण अनेकांनी काळ्या चष्म्यातून पाहिले असेल. तोच प्रकार, फक्त इथे ताऱ्याची चकतीही दिसत नाही.

आता मोजमापाची गोष्ट पैशांत सांगतो, कारण टक्केवारीने अंगावर काटा येत नाही. ताऱ्याकडून दुर्बिणीत येणारा प्रकाश एक लाख रुपये धरा. ग्रह आडवा आला की त्यातले सुमारे २९० रुपये कमी होतात. ही झाली ग्रहाच्या घट्ट गोळ्याची सावली. त्याभोवतीची हवा वर जावे तशी विरळ होते. के२-१८बीवर हायड्रोजनयुक्त हवा असेल तर दर सत्तरेक किलोमीटरला ती पावणेतीनपट विरळ व्हावी. (पृथ्वीवर हेच अंतर साडेआठ किलोमीटर आहे.) अशा सत्तर किलोमीटरच्या एका थराने अडवलेला प्रकाश आपल्या हिशेबात अडीच रुपये. एखादा वायू एखाद्या तरंगलांबीला जोरात शोषून घेतो तेव्हा असे दोन-तीन थर अपारदर्शक होतात आणि घट २९०ची २९६ किंवा २९८ होते. कोणत्या तरंगलांबीला घट किती, याचा आलेख म्हणजे त्या हवेचा वर्णपट. ‘परग्रहावर जीवसृष्टी’ या आठ कॉलमी मथळ्याच्या मुळाशी एक लाखातले हे सहा-आठ रुपये असतात.

हीच हवा पृथ्वीसारखी, नायट्रोजनची असती तर एका थराचे वीस पैसेसुद्धा जेमतेम भरले असते. म्हणून दुर्बिणी हायड्रोजनवाल्या ग्रहांकडे वळतात. तिथे जीव असण्याची शक्यता जास्त आहे म्हणून नाही, तिथे मोजता येते म्हणून. हा फरक बातमीत कधी वाचायला मिळत नाही.

सहा रुपये मोजताना गल्ल्यात कोण कोण हात घालते, ते पाहा. पहिला चोर खुद्द तारा. लाल बटू ताऱ्यांवर डाग असतात. ग्रहाच्या वाटेत नसलेले डाग ताऱ्याचा एकूण वर्णपट बिघडवतात, आणि थंड डागांत पाण्याची वाफ असते. ती ताऱ्याची वाफ ग्रहाच्या नावावर जमा होऊ शकते. ट्रॅपिस्ट-१ या दुसऱ्या लाल बटू ताऱ्याच्या सात ग्रहांबाबत हा त्रास इतका आहे की तिथे ग्रहाचा संकेत ताऱ्याच्या गडबडीतून सोडवणे हेच मुख्य काम होऊन बसले आहे. के२-१८ त्या मानाने शांत, पण निर्दोष नाही.

दुसरा चोर उपकरण. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचे मध्य-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशाचे) उपकरण निरीक्षण सुरू होताच लगेच स्थिरावत नाही. सुरुवातीचा काही वेळ डिटेक्टरचे वाचन हळूहळू घसरत किंवा चढत राहते. के२-१८बीचे अधिक्रमण सुमारे पावणेतीन तासांचे. दुर्बीण त्याच्या साधारण दुप्पट वेळ रोखून धरतात, कारण घट मोजायची तर आधीची आणि नंतरची पातळी पक्की हवी. आता सुरुवातीची किती मिनिटे टाकून द्यायची, उरलेल्या भागातला कल सरळ रेषेने काढायचा की वक्राने, शेजारच्या किती तरंगलांबी एकत्र करून एक बिंदू मांडायचा, हे सगळे माणूस ठरवतो. प्रत्येक निर्णयाने रुपया-दोन रुपये इकडचे तिकडे होतात. म्हणूनच चांगला गट एकच डेटा दोन वेगवेगळ्या पद्धतींनी, दोन स्वतंत्र संगणकीय साखळ्यांतून काढतो. मधुसूदन यांच्या गटाने ते केले होते, हे नोंदवले पाहिजे.

मग पुन्हा मोजा, असे कोणीही म्हणेल. ग्रह ३३ दिवसांनी एकदा आडवा येतो. त्यात हा तारा क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेजवळ आहे, आणि वेब दुर्बीण सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच पाहू शकते, नाहीतर तिची सावलीची छत्री उन्हाला उघडी पडेल. त्यामुळे वर्षात साधारण पन्नास-पन्नास दिवसांच्या दोन खिडक्या मिळतात. अकरा अधिक्रमणांपैकी हाती लागतात तीन-चार, आणि तेवढ्यासाठी इतर शेकडो प्रस्तावांशी स्पर्धा. २०२५चा गाजलेला दावा एका अधिक्रमणाच्या मध्य-अवरक्त वर्णपटावर उभा होता.

तो दावा काय होता? आधीचा, सप्टेंबर २०२३चा निकाल बळकट होता: मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही एकेक टक्क्याच्या आसपास. त्यात डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे डीएमएस, याची पुसट चाहूल होती. एप्रिल २०२५मध्ये वेगळ्या उपकरणाने, ६ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यात पाहून गटाने म्हटले की डीएमएस किंवा त्याचा भाऊ डायमिथाइल डायसल्फाइड, दोहोंपैकी एक तरी ‘तीन सिग्मा’ पातळीवर दिसतो (सिग्मा हे खात्रीचे माप, त्याचा नेमका अर्थ पुढे सांगतो). ‘दोहोंपैकी एक’ हे शब्द आणि तो ‘तीन’ गटाने पहिल्या दिवसापासून सांगितले होते. पाचपर्यंत जायला आणखी १६ ते २४ तासांची निरीक्षणे लागतील, हेही.

डीएमएस परका नाही. कोबी शिजताना, मक्याची कणसे उकडताना झाकण उघडल्यावर जो गंधकी वास नाकात जातो त्यात हा वायू असतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या ‘समुद्राच्या वासा’तही याचा मोठा वाटा. समुद्रातले सूक्ष्म प्लवक एक गंधकयुक्त संयुग बनवतात, ते विघटित होऊन डीएमएस हवेत जातो. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने झुआरीच्या खाडीतल्या आणि अरबी समुद्रातल्या डीएमएसचा पद्धतशीर अभ्यास केलेला आहे. पृथ्वीच्या हवेत याचे प्रमाण अब्जात एक भागाहूनही कमी. के२-१८बीवर दहा लाखांत दहा भागांहून जास्त असल्याचा दावा होता, म्हणजे दहा हजारपटींहून अधिक. या आकड्याने उत्साह वाढावा की संशय, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते संशय.

‘पृथ्वीवर हा वायू फक्त सजीव बनवतात’ हे वाक्य बातमीत हमखास असते. पृथ्वीपुरते ते जवळपास खरे आहे. पण रोझेटा यानाने तपासलेल्या ६७पी या धूमकेतूभोवती डीएमएस आढळल्याचे २०२४मध्ये प्रसिद्ध झाले, आणि धूमकेतूवर प्लवक नाहीत. मिथेन व हायड्रोजन सल्फाइडसारख्या साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकून प्रयोगशाळेतही तो निर्जीवपणे तयार झाला आहे. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका ढगातही त्याची नोंद झाली.

आता त्या ‘तीन सिग्मा’विषयी, कारण सर्वांत मोठी चूक इथे होते. तीन सिग्मा म्हणजे ‘जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के’ असे छापले जाते. हे साफ चूक आहे. त्याचा अर्थ एवढाच: डीएमएस नसेल आणि आपले बाकी सगळे गृहीत बरोबर असेल, तर असा वर्णपट निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे ३७०त एक. पाच सिग्मा म्हणजे हीच शक्यता सुमारे सतरा लाखांत एक. भौतिकीत ‘शोध लागला’ म्हणायची रीत तिथून पुढे. शिवाय ‘बाकी सगळे गृहीत बरोबर असेल’ या शब्दांत खरी मेख आहे. वर्णपटातून वायू ओळखताना संगणकाला संभाव्य वायूंची यादी द्यावी लागते. यादीत जे आहे त्यातूनच तो निवडतो. यादी वीसची असेल आणि त्यात डीएमएस सर्वांत बरा बसत असेल, तर तो ‘दिसतो’. दुसऱ्या गटाने यादी नव्वदच्या घरात नेली, तर प्रोपाइनसारखे साधे हायड्रोकार्बनही तितकेच चांगले बसले. ढोबळ हिशेब करून पाहा: ३७०त एक अशी योगायोगाची शक्यता असलेल्या नव्वद चाचण्या लावल्या, तर त्यातली निदान एक फुकट ‘यशस्वी’ होण्याची शक्यता पाचात एक. वायूंचे वर्णपट एकमेकांशी मिळतेजुळते असल्याने हे गणित असे काटेकोर लागू पडत नाही, पण दिशा कळते.

दावा प्रसिद्ध होऊन महिना उलटायच्या आत ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी त्याच आलेखातून सरळ आडवी रेषा ओढून दाखवली. कोणताही वायू नाही असे मानले तरी बिंदू बसतात. शिकागोच्या राफाएल लुके यांच्या गटाने वेब दुर्बिणीच्या तिन्ही उपकरणांचा डेटा एकत्र तपासला, तेव्हा डीएमएसचा संकेत पुरेसा उरला नाही. त्यानंतरच्या जवळच्या अवरक्तातल्या निरीक्षणांत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आणखी पक्के झाले, डीएमएस झाला नाही. यात कोणी कोणाला खोटे पाडले असे नाही; हे काम असेच चालते. पण पहिल्या पानावरचा मथळा पाहणाऱ्या वाचकाला पुढचे हे काहीच सांगितले गेले नाही, तर त्याच्या लेखी के२-१८बीवर आजही प्लवक तरंगत आहेत.

याच ग्रहाची २०१९ची कथा तर आणखी बोलकी. तेव्हा हबल दुर्बिणीच्या १.१ ते १.७ मायक्रॉनच्या अरुंद पट्ट्यात १.४च्या आसपास एक उंचवटा दिसला आणि ‘पाण्याची वाफ सापडली’ असे जाहीर झाले. पण त्याच जागी मिथेनही शोषून घेतो. वेब दुर्बिणीने पट्टा रुंद केला आणि तो उंचवटा मिथेनचा निघाला. एका खिडकीतून दिसलेले अर्धे तोंड पाहून माणूस ओळखला की असे होते.

शुक्रावरच्या फॉस्फीनचा, म्हणजे सजीवांची संभाव्य खूण मानलेल्या एका वायूचा, प्रसंग २०२०चा. तिथे चूक वेगळ्या जातीची होती. रेडिओ वर्णपटात २६७ गिगाहर्ट्झजवळ एक बारीक खोच शोधायची होती, आणि पार्श्वभूमीची लाट काढून टाकायला बाराव्या घाताची बहुपदी वापरली होती. इतकी लवचिक वक्ररेषा नुसत्या गोंगाटातूनही खोच तयार करू शकते, हे दुसऱ्या गटाने दाखवून दिले. वर अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या मूळ अंशांकनात (मोजमापाची पट्टी लावण्यात) दोष निघाला. अब्जात २० भाग हे प्रमाण मग एक ते चारवर आले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण शब्द कसे वापरावेत याचा तो वस्तुपाठ आहे. २० एप्रिल २००५ला हैदराबादच्या राष्ट्रीय बलून सुविधेतून इस्रोचा फुगा सोडला गेला. जयंत नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख अन्वेषक. निर्जंतुक करून निर्वात केलेली पोलादी नळकांडी द्रव निऑनमध्ये बुडवून ठेवली होती, म्हणजे तोंड उघडताच विरळ हवा आत खेचली जाऊन गोठावी. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी गोळा करून पॅराशूटने खाली आणली, आणि तपासणी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली: हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. जीवाणूंच्या बारा वसाहती मिळाल्या, त्यांत तीन जाती विज्ञानाला नव्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे नाव दिले, दुसरीला इस्रोचे, तिसरीला आर्यभटाचे. त्या अतिनील किरणांपुढे नातलग जातींपेक्षा जास्त टिकाव धरणाऱ्या निघाल्या. एवढे हाती असूनही २००९च्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते की, हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. तो मजकूर चांगला छापला गेला असता, तर पुढच्या बातम्यांना मापाची पट्टी मिळाली असती.

आता भाषेचे. इंग्रजीतल्या ‘हॅबिटेबल झोन’चे ‘राहण्यायोग्य पट्टा’ केले की वाचकाला वाटते, तिथे प्लॉट पडले आहेत. त्या संज्ञेचा अर्थ इतकाच की, ताऱ्यापासूनचे ते अंतर असे आहे, जिथे योग्य हवा असल्यास पृष्ठभागावर पाणी द्रव राहू शकेल. आपला कोरडा चंद्रही सूर्याच्या या पट्ट्यातच आहे. ‘जलयोग्य पट्टा’ म्हटले तर अर्धा गैरसमज टळेल. ‘बायोसिग्नेचर’चे ‘जीवसृष्टीचा पुरावा’ होते. ‘जैवखूण’ पुरे, आणि तीही ‘संभाव्य’. ‘पीअर रिव्ह्यूड’ म्हणजे ‘शास्त्रज्ञांनी मान्य केले’ असे नाही. दोन-तीन तज्ज्ञांनी छापण्याजोगे आहे म्हटले, एवढेच. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, ‘१२४ प्रकाशवर्षांपूर्वी’ काही घडत नाही. आणि के२-१८ ‘दुसऱ्या आकाशगंगेत’ नाही. लाखभर प्रकाशवर्षे रुंदीच्या आपल्याच आकाशगंगेत तो शेजारच्या वाड्यात म्हणावा इतका जवळ आहे.

पुढची अशी बातमी टेबलावर येईल तेव्हा उपसंपादकाने मूळ निवेदनात पाच गोष्टी शोधाव्यात: किती अधिक्रमणे पाहिली, संकेत किती सिग्माचा, वायूंची यादी केवढी होती, डेटा दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासला का, आणि तो वायू निर्जीव मार्गाने बनू शकतो का. पहिल्या दोन्हींची उत्तरे ‘एक’ आणि ‘तीन’ असतील तर बातमी आतल्या पानावर जावी. उत्तरे सापडतच नसतील तर बातमी एक दिवस थांबली तरी चालेल. ग्रह कुठे जात नाही. राज्यात पुण्याची खगोलविज्ञान संस्था आयुका आहे, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आहे, महाविद्यालयांत खगोलाचे शिक्षक आहेत; पाच मिनिटांच्या फोनवर बरेच गैरसमज निघतील. दाव्यावर आक्षेप आले की त्यांनाही मूळ बातमीइतकीच जागा आणि तेच पान मिळावे, वैज्ञानिक पुरवणीतला कोपरा नव्हे.

आणि ग्रहाचे चित्र छापायचेच असेल तर त्याच्या खाली, ओळीत पहिला शब्द म्हणून, ‘कल्पनाचित्र’ असे ठसठशीत टायपात असावे. जागा असेल तर शेजारी मूळ वर्णपटही द्या, प्रत्येक बिंदूच्या वर-खाली मोजमापातली संभाव्य चूक दाखवणारी उभी दांडी असते ती न पुसता. आठवीतला मुलगाही त्या दांड्या पाहून विचारील, की यातून सरळ रेष का नाही जाणार.

आपला,
खगोलभौतिकीचा एक अभ्यासक, पुणे